बिनपाण्याची हजामत

केस नेहमी अवेळी वाढतात, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी, मुलगी पाहायला जाण्याच्या आदल्या दिवशी, साहेबांच्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी आरशात पाहावे, तो कानांवर झुलपे उतरलेली असायची. आता अठ्ठ्याहत्तरीला आल्यावर डोक्यावर फारसे काही उरलेले नाही. समोरचे पटांगण केव्हाच मोकळे झाले आहे. पण मागच्या बाजूला जी काही पांढरी झालर शिल्लक आहे, ती मात्र तरुणपणापेक्षा दुप्पट जोमाने वाढते, आणि नेमकी प्रवासाच्या तोंडावर वाढते.

गेल्या हिवाळ्यात सिंगापूरच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांना बोटीच्या सफरीचे आमंत्रण धाडले. सिंगापूरहून निघायचे, पेनांग आणि फुकेत ही बंदरे पाहायची आणि पुन्हा सिंगापुरी परत यायचे. आमचा तोवरचा जलप्रवास म्हणजे हरिपूरच्या संगमावर कृष्णा ओलांडणारी नाव. तीत बसतानादेखील आमची सौ. एका हाताने माझा सदरा आणि दुसऱ्या हाताने मंगळसूत्र धरून बसायची. तिला सात-आठ मजली बोटीचे फोटो दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "एवढं मोठं आहे म्हणजे बुडायला वेळ लागेल." मी ही संमती समजलो.

निघायच्या आठवड्यात मी केस कापायचे ठरवले. शुक्रवारी बँकेत गेलो तो तिथेच दुपार गेली. शनिवारी निघालो, तर सौ. दारात आडवी. "शनिवारी वस्तरा लावतात का कुणी?" मी साताऱ्याच्या शनिवार पेठेत लहानाचा मोठा झालो, तेव्हा शनिवारचे मला भय नव्हते, पण प्रवासाच्या आधी घरात वाद नको म्हणून परतलो. रविवारी अमावास्या निघाली. सोमवारी आमच्या सांगलीतल्या सलूनना सुट्टी. मंगळवारी पहाटे आम्ही मुंबईच्या वाटेला लागलो. अशा रीतीने शनी, चंद्र आणि साप्ताहिक सुट्टी या तिघांनी मिळून माझे केस जसेच्या तसे सिंगापूरला पोहोचवले. चिरंजीव विमानतळावर भेटले आणि गाडी तडक बंदराकडे हाकली. सूनबाईंनी निरोप देताना माझ्या मानेकडे एकदा पाहिले आणि हळूच सांगितले, "बाबा, तिसऱ्या रात्री बोटीवर मोठं जेवण असतं. सगळे कोटबिट घालून येतात. फोटो काढतात."

बोट म्हणजे एक अख्खे गावच. पेठा वेगळ्या, खाणावळी वेगळ्या, पोहण्याचे हौद वेगळे. पहिल्याच दिवशी दुपारी एक टापटीप मुलगी सगळ्यांना बोटीवरचे 'स्पा' दाखवायला घेऊन गेली. फुकट म्हटल्यावर आम्हीही गेलो. आत मंद दिवे, मंद संगीत आणि मंद सुगंध. फक्त दरपत्रक तेवढे मंद नव्हते. तिथे एक पेटी ठेवलेली होती. तीत आपले नाव टाकायचे आणि सोडतीत निघाले तर काही उपचार फुकट, अशी ती योजना. सौ.ने आमच्या दोघांची नावे टाकली. सत्यनारायणाच्या पूजेइतक्या मनोभावे टाकली. ती अर्थातच निघाली नाहीत.

मी दरपत्रक चाळले. पुरुषांचे केस कापणे, 39 डॉलर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : यावर 18 टक्के बक्षिसी आपोआप लावण्यात येईल. म्हणजे ज्याला खूश व्हायचे आहे तो आधीच खूश होणार, आणि ज्याने खूश करायचे त्याला विचारायचेसुद्धा नाही. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. 46 डॉलर, म्हणजे आपले जवळजवळ 4,000 रुपये. माझ्या डोक्यावर उरलेल्या केसांनी या रकमेला भागले असते, तर एकेका केसाला काय भाव पडला असता, हा विचार मनात आला आणि मी तो सोडून दिला. आपल्याकडे कोणी कोणाला चांगले लुबाडले की 'बिनपाण्याने हजामत केली' म्हणतात. चहूंकडे नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी असताना ही बिनपाण्याची हजामत व्हायची होती!

सौ.चे लक्ष बायकांच्या पानाकडे होते. मी तिला एकेक वाचून अर्थ सांगू लागलो.

"समुद्राचं शेवाळ अंगाला लावून कापडात गुंडाळून ठेवतात."

"इश्श. शेवाळावरून माणूस घसरून पडतो."

"गरम दगडांनी अंग शेकतात."

"आपल्याकडे वजरी आहे की. टाचा घासायला. कोणी मागितले का तुमच्याकडे कधी पैसे?"

"आणि हा हळदीचा लेप."

इथे मात्र सौ. उठून उभी राहिली. "हळदीचा? किती?"

मी आकडा सांगितला. तिने तो रुपयांत करून घेतला आणि मग जी हसत सुटली ती काही केल्या थांबेना. तिचे माहेर सांगलीचे. हरिपूरला जमिनीच्या पोटात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस फूट खोल पेवे असत. तोंड लहान आणि पोट मोठे. त्यांत पोतीच्या पोती हळद वर्षानुवर्षे राहायची आणि तिला कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. त्या वेळी सौ. गावातल्या पाण्यापेक्षा त्या हळदीसाठीच अधिक हळहळली होती. 2018 साली 'सांगलीची हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिने घरात शिरा केला होता. लग्नात जी हळद मुठीने लावली, दिवाळीच्या उटण्यात जी आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी तिने दरवर्षी स्वतःच्या हाताने कुटली, तिचा असा भाव ऐकून तिला हसू येणारच. "पी हळद नि हो गोरी, हे ऐकलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आधी पाकीट रिकामं कर, हे नव्हतं ऐकलं."

बाहेर आलो. केसांचा प्रश्न होता तिथेच होता, आणि मोठे जेवण एकेक दिवस जवळ येत होते.

आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा एक तरतरीत मुलगा होता. कोकणपट्टीतले आणि गोव्याकडचे पुष्कळ तरुण अशा बोटींवर नोकरी करतात, हे मी ऐकून होतो. हा मालवणकडचा निघाला. सौ.च्या तोंडून 'अगंबाई' ऐकताच त्याने हातातले टॉवेल खाली ठेवले आणि खुशाल गप्पा मारू लागला. मी माझे दुखणे त्याच्यापुढे मांडले. त्याने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"काका, हयसर केस कापू नकात. परवा पेनांगाक उतरा."

मग त्याने मला या धंद्याचे मर्म समजावून दिले. बोट समुद्रात असते तेव्हा प्रवासी जाणार कुठे? म्हणून त्या दिवसांचे दर चढे. बोट बंदराला लागली की सगळे गावात फिरायला जातात, खुर्च्या रिकाम्या पडतात, मग तेच उपचार सवलतीत मिळतात. ज्याला बोटीवरच हौस करायची असेल त्याने तो मुहूर्त साधावा. पण नुसते केसच कापायचे असतील, तर धक्क्यावरून दहा मिनिटे चालत जावे. गावात आपली माणसे आहेत.

"आणि तुम्ही लोक कुठे कापता?" मी विचारले.

"आमच्यातलो एक कापता," तो हसून म्हणाला. "खाली. तळमजल्यार."

म्हणजे वरच्या मजल्यावर दिवे, संगीत आणि 18 टक्के; आणि खाली, पाण्याच्या पातळीला, एक स्टूल, एक आरसा आणि गप्पा. त्या रात्री झोप येईना. बोट अगदी बेताने हलत होती. अशा हलण्याने माणसाच्या मनातले तळाचे वर येते की काय कोण जाणे. पण मला साताऱ्याच्या आमच्या वाड्याची मागची पडवी दिसू लागली.

ती गोष्ट 1955 च्या सुमाराची. मी तेव्हा आठ वर्षांचा. आमच्याकडे दर पंधरवड्याला मामा यायचे. ते मामा म्हणजे आमचे न्हावी. त्यांना सगळी पेठच मामा म्हणायची. काखेला धोकटी, तीत दोन वस्तरे, कात्री, नऱ्हाणी, पाण्याची पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा. कपड्यात गुंडाळलेला एक आरसा. ते पडवीत उकिडवे बसत आणि आम्हां मुलांची डोकी एकामागून एक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरत. हलायची सोय नसे. हललो तर कात्री थांबे आणि गोष्ट सुरू होई. गोष्ट ठरलेली. वाई तालुक्यातल्या कोंढवलीच्या जिवा महालाची. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाने महाराजांवर वार करायला हात उगारला आणि जिवाने तो वरच्यावर तोडला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा! आमच्यातला हुता तो," मामा म्हणत आणि 'आमच्यातला' म्हणताना माझे डोके थोडे अधिकच आवळत. त्या वेळी मला मानेच्या दुखण्यापलीकडे काही कळत नसे. पुढे कळले, की हे सांगायला त्यांना दुसरी जागा नव्हती. कारण तेच मामा आमच्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत, पण त्यांच्या हातावर पैसे मात्र वरून टाकायचे, अशी आमच्या घरची रीत होती.

आम्हां मुलांचे आटोपले की आम्हांला पुढच्या अंगणात पिटाळत आणि मागचे दार लोटून घेत. मग आजी बाहेर येई.

माझी आजी पंधराव्या वर्षी विधवा झाली. त्या वेळी मामांच्या वडिलांनी तिचे केस उतरवले. वडील थकले तसा वस्तरा मामांकडे आला. लाल आलवणाखाली तिचे डोके कसे आहे, हे आम्ही कधी पाहिले नव्हते आणि पाहायचे नसते हे आम्हांला न सांगताच ठाऊक होते. दिवाळीच्या पाडव्याला मामा आरसा घेऊन येत. घरातल्या प्रत्येकाने त्यात आपले तोंड पाहायचे आणि मामांना ओवाळणी टाकायची. वडील पाहत, आई पाहे, आम्ही मुले तर तोंडे वेडीवाकडी करून पाहत असू. आजी त्या वेळी आत असायची. आरसा तिच्यासाठी नव्हता.

त्या वर्षी भाद्रपदात एका सकाळी मी भोवरा शोधत मागच्या बाजूला गेलो. तुळशीवृंदावनामागे तो सापडला, आणि मी उठणार तेवढ्यात बोलणे ऐकू आले म्हणून तसाच बसलो.

"आजी," मामा म्हणत होते, "आता माझ्या हातनं हे हुनार न्हाई."

बराच वेळ काही आवाज नव्हता. मग आजीने विचारले, "का रे? हात थरथरतो का?"

"हात न्हाई थरथरत. पन ह्यो वस्तरा तुमच्या डोक्याला लावायचा न्हाई आता. माझी लेक परवा माघारी आली. जावई गेला. तिच्याकडं बघितलं आन् मला तुमीच दिसाय लागला."

आजी चिडेल असे मला वाटले. ती चिडली नाही. अगदी शांतपणे तिने विचारले, "मग इतकी वर्षं का लावलास?"

मामांनी उत्तर दिले नाही. वाटीतले पाणी त्यांनी वृंदावनात ओतले. ते माझ्या पायांवर आले, पण मी हललो नाही. धोकटी काखेला मारून ते निघून गेले. आजी तिथेच, आलवण सावरायचेही विसरून, उन्हात बसून राहिली. मी तिचे डोके तेव्हा पहिल्यांदा पाहिले. लहान मुलाच्या डोक्यासारखे ते दिसत होते.

पुढे कॉलेजात असताना मी वाचले, की 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली होती आणि आपण विधवांचे केशवपन करणार नाही असे त्या माणसांनी ठरवले होते. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचे मूळ गाव आमच्याच सातारा जिल्ह्यातले कटगुण. म्हणजे विचार निघाला होता तो काही परमुलखातून नव्हे. ती सभा भरली तेव्हा माझी आजी तीन वर्षांची होती. तो ठराव मुंबईहून आमच्या मागच्या पडवीपर्यंत पोहोचायला पासष्ट वर्षे लागली, आणि आणला तोही शिकल्यासवरलेल्या आमच्या घराने नव्हे. धोकटीवाल्या मामांनी आणला. माझे वडील सुधारकी विचारांचे होते. वाचनालयात त्यांचे नाव होते. स्त्रीशिक्षणावर ते फार सुंदर बोलत. पण आपल्या आईला त्यांनी एकदाही विचारले नव्हते, की तुला हे हवे आहे का?

दुसरा न्हावी बोलवावा, असे कोणी म्हणाले नाही. नको, असेही कोणी म्हणाले नाही. घरात त्या विषयावर एक अक्षर निघाले नाही आणि आजीचे केस आपले वाढू लागले. दिवाळीपर्यंत बोटभर झाले. पांढरेशुभ्र, मऊ, कापसासारखे. आई रोज दुपारी तिच्या डोक्याला खोबरेल लावू लागली. मी कधी डोकावलो तर दोघी गप्प बसत.

पाडव्याला मामा आरसा घेऊन आले. सगळ्यांचे दाखवून झाले. मग ते उठले नाहीत. पडवीच्या कडेला बसून राहिले. आईने आत पाहिले. आत काही वेळ कुजबुज झाली आणि आजी उंबऱ्यापर्यंत आली. मामांनी आरशावरचे कापड धोतराच्या सोग्याने पुन्हा एकदा पुसलेल्या काचेवरून काढले आणि आरसा तिच्यासमोर धरला.

आजीने पाहिले. डोळे बारीक करून पाहिले. मान तिरकी करून पाहिले.

"अगंबाई," ती म्हणाली, "ही तर माझी आई!"

मग तिने कनवटीचे चार आणे काढले, आणि वरून न टाकता मामांच्या हातावर ठेवले.

तीन वर्षांनी माघात आजी गेली. तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत आले होते आणि आई त्यांची बारीकशी गाठ बांधत असे. दहाव्या दिवशी आम्ही संगम माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात त्या घाटावर मामांनी वडिलांचे क्षौर केले. मी बाजूला उभा होतो. वडिलांचे तुळतुळीत डोके पाहिले आणि मला एकदम वृंदावनामागची सकाळ आठवली. वडिलांनी पाण्यात आपले प्रतिबिंब पाहिले असावे. ते मामांना म्हणाले, "तुम्ही बोललात. बोलायला मी हवा होतो." मामांनी वस्तरा धुतला, पुसला, मिटला. "बोललो त्ये बी उशिराच," असे म्हणून ते पायऱ्या चढून गेले. वडिलांनी त्यांना 'तुम्ही' म्हटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

पुढे वडिलांची बदली झाली आणि आम्ही सांगलीला आलो. तेव्हा जिल्हाही नुकताच मोठा झाल्यासारखा दिसत होता. 1949 मध्ये साताऱ्यातून निघालेल्या त्या तुकड्याला लोक 'दक्षिण सातारा' म्हणत. 1960 मध्ये त्याला सांगली हे स्वतःचे नाव मिळाले. माहुलीची कृष्णा इथेही होतीच. इथे केस कापायला मामा घरी येत नसत. आपण सलूनमध्ये जायचे. फिरती खुर्ची, समोर एक आणि मागे एक आरसा, रेडिओ, गुळगुळीत कागदाची सिनेमाची मासिके. पैसे टेबलावर ठेवायचे. बापलेकांनी शेजारच्या खुर्च्यांवर बसायचे आणि एकमेकांकडे आरशातून पाहायचे. मला ती सुधारणा फार आवडली होती. पण तिथे कोणी माझे डोके गुडघ्यांत धरून जिवा महालाची गोष्ट सांगितली नाही.

बोटीवर पहाट झाली तेव्हा पेनांग आले होते.

स्वेटनहॅम धक्क्यावर उतरून आम्ही चालत निघालो. जॉर्जटाउन हे जुने शहर 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण आम्हांला वारशापेक्षा न्हावी हवा होता. मालवणच्या मुलाने सांगितले होते तसे दहाच मिनिटांत 'लिटल इंडिया' लागले. फुलांचे गजरे, उदबत्तीचा वास, तमिळ गाणी, स्टीलची भांडी. सौ.चा चेहरा उजळला. एका अरुंद दुकानात तीन खुर्च्या होत्या आणि भिंतीवर देवांच्या तसबिरी. मालक पन्नाशीचा, तमिळनाडूकडून आलेला. त्याला मराठी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते. पण न्हाव्यासमोर मान खाली घातली की जगात कुठेही भाषा लागत नाही.

त्याने खांद्यावर पांढरे कापड टाकले, मानेशी घट्ट बांधले आणि कात्री चालवली. कच् कच्, एक पोकळ कच्, पुन्हा कच् कच्. ती मधली हवेत मारलेली पोकळ कात्री ऐकली आणि मला बरे वाटले. ती सगळीकडे तशीच मारतात. मानेवर त्याने पाणी लावले. चांगले चुळकाभर लावले, अगदी थंडगार. बिनपाण्याच्या हजामतीची माझी धास्ती तिथे धुऊन निघाली. वस्तरा फिरला, तुरटी फिरली, आणि मग त्याने मागचे काम दाखवायला माझ्या डोक्यामागे दुसरा आरसा धरला.

समोरच्या आरशात त्या आरशातले दिसत होते. पांढरेशुभ्र, मऊ, बोटभर केस. मी डोळे बारीक केले. मान तिरकी केली. पाडव्याच्या दिवशी उंबऱ्यात उभी असलेली आजी मला त्या परक्या देशातल्या दुकानात पाठमोरी दिसली.

न्हाव्याला वाटले, मला काम पसंत नाही. तो आरसा तसाच धरून उभा राहिला. मी मान हलवून छान आहे असे सांगितले. घसा थोडा दाटला होता, तेव्हा सांगता आले असते तरी शब्दांत सांगता आले नसते.

दर 15 रिंगिट होता. मी 20 ची नोट काढली, ती त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ माझ्या हाताने मिटली. तो जरा चकित झाला. एवढ्या वरच्या पाचासाठी कोणी इतके करत नसावे. 18 टक्के बक्षिसी लावणाऱ्यांनी माझ्याकडून जे काढले नसते, ते मी आपखुशीने, त्यांच्या टक्क्यांहून जास्त देऊन बसलो होतो, हे माझ्या नंतर लक्षात आले.

त्या रात्री कोट घालून आम्ही मोठ्या जेवणाला गेलो. सौ.ने पिशवीतून आणलेल्या डबीतली आंबेहळद सायीत कालवून संध्याकाळी तोंडाला लावली होती. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी तिला विचारले, की तुम्ही वरच्या स्पामध्ये कोणता उपचार घेतला? सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत बोलली : "सांगली." बाईंनी ते नाव लिहून घेतले.

फोटो निघाला. चांगला निघाला. त्याचीही किंमत डॉलरमध्येच होती, म्हणून घेतला नाही. दोघांनी उभे राहून फुकटात पाहून घेतला.

खोलीवर परत येताना सौ.ने माझ्या मानेवरून हात फिरवला. "छान कापलेत हो. किती घेतले त्यानं?"

मी तिला आजीची गोष्ट सांगणार होतो. पन्नास वर्षांच्या संसारात ती सांगायची राहूनच गेली होती. पण आधी हिशेब द्यावा म्हणून म्हणालो, "20 रिंगिट दिले. साधारण 400 रुपये."

सौ. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "सांगलीत शंभरात झालं असतं. शनिवारी मीच नको म्हटलं, नाही?"

"बरं केलंस," मी म्हणालो, आणि डेकवरच्या खुर्चीवर तिला बसवून गोष्टीला सुरुवात केली.